मरीन टाकीत दगड घातल्यावर त्रास सुरू झालाय? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

मरीन टाकीबद्दल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाबद्दल, मला जे फोन येतात, त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतात. मिठाचं प्रमाण बरोबर, तापमान बरोबर, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू, तरी काहीतरी बिनसलेलं. पाच मिनिटं बोललं की कळतं, मधे कुठेतरी स्वस्तात मिळाला म्हणून दगड आलाय. कुणी क्रॉफर्ड मार्केटातून आणलेला असतो, कुणी टाकी बंद करणाऱ्या मित्राकडून, कुणी गावाकडच्या किनाऱ्यावरून गाडीच्या डिकीत घालून. दर वेळी दोष दगडाचाच असतो असंही नाही. म्हणूनच खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि अख्खी टाकी उपसण्यापर्यंत जातो. मधल्या पायऱ्या गाळू नका.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा.

अमोनिया शून्यावर येतच नाही, किंवा येतो आणि पुन्हा चढतो. टाकीत मासा नाही, खाणं नाही, तरी चढतो.

केसांसारखं लांब हिरवं शेवाळ उपटून काढलं तरी पंधरा दिवसांत परत येतं, आणि फॉस्फेटची टेस्ट मात्र शून्य दाखवते.

मासे ठणठणीत, पण गोगलगायी उलट्या पडतात, कोळंबी कात टाकताना मरते, हर्मिट खेकडे शंख सोडून बाहेर येतात. हे लक्षण असेल तर बाकी वाचत बसू नका, सरळ तांब्याच्या तपासणीवर जा.

पीएच ८.६ च्या वर जाऊन बसलाय आणि उतरत नाही.

टाकीत एकही कोरल नाही, तरी केएच (पाण्यातली कार्बोनेटची पातळी) रोज थोडाथोडा घटतो. हीटरवर आणि पंपावर पांढरी खर जमते.

दगडावर एकाच ठिकाणाहून गंजासारखा तांबूस ओघळ उतरतो.

वाळू हलवली किंवा दगड उचलला की सडक्या अंड्याचा वास येतो.

रात्री टाकीतून काचेवर नखाने टिचकी मारल्यासारखा टक्, टक् आवाज येतो. तो दगडातून आलेल्या पाहुण्याचा. बहुधा पिस्तूल कोळंबी, क्वचित शिकारी मँटिस कोळंबी. पिस्तूल कोळंबी बिचारी राहू द्या. मँटिस असेल तर छोटे मासे एकेक करून गायब होऊ लागतील.

नव्या टाकीत पहिल्या दीड-दोन महिन्यांत काचेवर आणि वाळूवर तपकिरी पावडरीसारखा थर येतो, तो या यादीत मी मुद्दाम घेतला नाही. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की जातात. त्यासाठी दगड बदलणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो.

पहिली तपासणी: दगड नव्हे, पाणी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं या छंदात फार होतं. दगडाला शिव्या घालण्याआधी दोन गोष्टी मोजा: आरओमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा), आणि त्याच पाण्यात मीठ कालवून तयार केलेल्या ताज्या पाण्यातलं फॉस्फेट. डीआय काडतूस (आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं) लावलेलं असेल तर टीडीएस शून्य यायला हवा. दोन-तीन अंकी आकडा येत असेल, तर मेंब्रेन किंवा काडतूस संपलंय आणि टॉप-अपच्या (उडालेलं पाणी भरून काढायच्या) प्रत्येक बादलीबरोबर तुम्ही शेवाळाला खत घालताय. स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका. पिण्याच्या पाण्यात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी आज एक आणि उद्या दुसरं असतं.

टेस्ट किटची मुदतही पाहा. मुदत संपलेल्या किटवर विसंबून लोकांनी चांगला दगड फेकून दिलेला मी पाहिलाय. यात दहा मिनिटं जातात आणि खर्च शून्य.

दुसरी तपासणी: दगडाचा पूर्वेतिहास

सच्छिद्र दगड स्पंजासारखा वागतो. आधीच्या आयुष्यात जे प्यायला, ते पुढच्या टाकीत सोडतो. म्हणून भावाच्या आधी त्याचा इतिहास विचारा. आधी कुठल्या टाकीत होता? त्या टाकीत माशांना औषध दिलं होतं का, विशेषतः पांढऱ्या ठिपक्यांवरचं निळं औषध? ती टाकी किती वर्षं चालली आणि पाणी किती वेळा बदललं जायचं? वाळवून ठेवला असेल तर धुऊन वाळवला, की किडे-शेवाळासकट तसाच गॅलरीत टाकला? विकणारा यातल्या एकाचंही धड उत्तर देत नसेल, तर तो दगड कितीही स्वस्त असो, पुढच्या सगळ्या तपासण्या करायच्या हे धरूनच घ्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दुकानात ‘डेड कोरल’ म्हणून पांढरे, फांद्यांचे किंवा मेंदूसारख्या वळ्यांचे तुकडे मिळतात. मेलेले आहेत म्हणून चालतात, असं दुकानदार सांगतो. चालत नाहीत. प्रवाळखडक उभारणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. जिवंत प्राण्याला जसं संरक्षण आहे तसं त्याच्या सांगाड्यालाही आहे. विकणंच नव्हे, घरात बाळगणंही गुन्हा ठरू शकतो, आणि किमान शिक्षा ३ वर्षांच्या कैदेची आहे. समुद्रपंखे, काळं प्रवाळ आणि अग्निप्रवाळही त्याच यादीत. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा लक्षद्वीपच्या सहलीवरून आणलेला ‘छोटासा तुकडा’ यातून सुटत नाही.

ओळखायचं कसं? भिंग घ्या. प्रवाळाच्या सांगाड्यावर बारीक वाट्या दिसतात, आणि प्रत्येक वाटीच्या मध्याकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या पातळ पट्ट्या गेलेल्या असतात. खाणीतल्या चुनखडकावर अशी सलग, नियमित वाट्यांची नक्षी सहसा नसते. तिथे वाळूचे दाणे, शिंपल्यांचे तुकडे, आडवेतिडवे थर दिसतात. शंका आली तर घेऊ नका. आधीच घरात असेल तर विकायच्या किंवा कुणाला देऊन टाकायच्या भानगडीत न पडता वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

तिसरी तपासणी: डोळे, नाक, लोहचुंबक

दगड ओला करा आणि हुंगा. ओल्या मातीचा किंवा ओल्या चुन्याचा वास ठीक. कुजका, माशाळ किंवा रॉकेलसारखा वास आला तर बाहेर.

मग उन्हात धरून फिरवून बघा. हिरव्या-निळ्या शिरा तांब्याच्या खनिजाच्या असू शकतात. पितळेसारखी चमकणारी चौकोनी कणी म्हणजे पायराइट. ती पाण्यात गंजते, लोखंड सोडते आणि आम्ल तयार करते. गंजाचा ओघळ येत असेल तर त्याच्या उगमाशी ही कणी किंवा एखादा खिळ्याचा तुकडा हमखास सापडतो. पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यातून आणलेल्या दगडावर जुना रंग, डांबर, प्लास्टर नाही ना ते पाहा. रंग दिसला की तो दगड सोडा. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि ते दगडात किती मुरलंय हे घरी कळायला मार्ग नाही.

आता लोहचुंबकाबद्दल, कारण त्यावरून उगाच घबराट होते. ‘चुंबक चिकटला की दगड बाद’ असा नियम सगळीकडे फिरतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण असतातच. दोऱ्याला टांगलेला जोरदार चुंबक त्याच्याकडे झुकणारच. त्यातलं लोखंड खनिजात बांधलेलं असतं, ते खाऱ्या पाण्यात सहजी सुटत नाही. त्यामुळे नुसत्या झुकण्यावरून बेसाल्ट बाद करू नका. गंज आणि चमक बघून करा.

जांभ्याचं मात्र उलट. कोकण-गोव्याकडे चिरा म्हणून ज्याने घरं बांधतात, तो. दिसायला भोकाभोकांचा, हातात हलका, भाव मातीमोल. बघताक्षणी वाटतं हाच लाइव्ह रॉकचा (समुद्रातल्या जिवंत दगडाचा) सख्खा भाऊ. पण तो लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा बनलेला असतो, आणि पाण्यात झिजत राहतो. बोट फिरवलं तरी लालसर भुकटी हाताला लागते. पंपाच्या झोतासमोर ती भुकटी कायम उडत राहते, लोखंडावर शेवाळ माजतं, आणि रचलेला ढीग ठिसूळ होतो. जांभा मरीन टाकीत नको.

किनाऱ्यावरून आणलेल्या काळ्या दगडाची तऱ्हा वेगळी. दगड चांगला असतो, पण त्याला कालवं आणि बार्नॅकल चिकटलेली असतात. प्रवासात ती मरतात, कवच मिटलेलं राहतं, आणि आतलं मांस टाकीत सडत राहतं. मासे नसताना चढणारा अमोनिया आणि सडक्या अंड्याचा वास, दोन्हीचं मूळ पुष्कळदा इथे निघतं. छिन्नीने एकेक कवच उघडून बघा.

चौथी तपासणी: पाण्याचा थेंब आणि वजनकाटा

कोरड्या दगडावर पाण्याचा थेंब ठेवा. दोन-चार सेकंदांत मुरला तर दगड सच्छिद्र आहे. मोत्यासारखा तसाच बसला तर दगड घट्ट तरी आहे किंवा वर पॉलिश-सीलर मारलंय. फरशीवाल्याकडचे कोटा, शहाबादी किंवा संगमरवराचे तुकडे फुकट मिळतात म्हणून लोक आणतात. मूळ दगड निरुपद्रवी, पण पॉलिश केलेल्या बाजूवर काय लावलंय हे कुणी सांगत नाही. आणायचेच तर न घासलेले, करवतीने कापलेले तुकडे आणा.

मग दगड कोरडा तोलून रात्रभर पाण्यात बुडवा. सकाळी काढा, निथळू द्या आणि पुन्हा तोला. घट्ट बेसाल्ट किलोमागे दहा-वीस ग्रॅमसुद्धा पाणी पीत नाही. चांगला सच्छिद्र चुनखडक पन्नास-शंभर ग्रॅम सहज पितो.

एवढा उपद्व्याप कशासाठी? कारण मरीन टाकीत दगड हा शोभेचा नसून फिल्टर आहे. पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोल छिद्रांत ऑक्सिजन कमी असतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत दगड आणि हवेचा झोत एवढ्यावरच टाकी चालवून दाखवली, ती याच जोरावर. घट्ट दगड घातला की पृष्ठभाग कमी पडतो, आतला भाग तर नाहीच. मग दगड विषारी नसतानाही अमोनिया धीम्या गतीने उतरतो, नायट्रेट चढत राहतं आणि लोक ‘दगडातून काहीतरी सुटतंय’ म्हणून भलतीकडेच शोधत बसतात. अशा टाकीला दगड बदलायची गरज नसते, संपमध्ये (फिल्टरसाठीच्या जोडटाकीत) सिरॅमिकच्या रिंगा किंवा ब्लॉक घातले की भागतं.

किती दगड लागतो हेही इथेच सांगतो. लाइव्ह रॉकच्या काळातला हिशेब लिटरमागे साधारण १०० ते १५० ग्रॅमचा. तो हलक्या, भोकांच्या दगडाचा. बेसाल्ट त्या हिशेबाने घ्यायला जाल तर वजन होईल, आकार होणार नाही. मी वजनापेक्षा जागा बघतो: टाकीचा तिसरा हिस्सा भरला की पुरे, मागून पाणी फिरायला वाट हवी.

पाचवी तपासणी: व्हिनेगर

दगड कोरडा करून त्यावर चमचाभर व्हिनेगर. फेस आला तर कार्बोनेट आहे, म्हणजे चुनखडक, संगमरवर, शिंपला यातलं काहीतरी. गोड्या पाण्याच्या टाकीत फेस येणारा दगड लोक टाळतात, कारण पाणी कठीण होतं. खाऱ्या टाकीत हीच गोष्ट चालते, किंबहुना हवीच असते. फेस आला नाही तरीही दगड बाद होत नाही. एवढंच कळतं की तो दुसऱ्या जातीचा आहे. आपल्याकडच्या बेसाल्टवर कधीकधी ठिपक्याठिपक्यांनी फेस येतो, त्यानेही बुचकळ्यात पडू नका. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर कॅल्साइट भरलेलं असतं.

व्हिनेगरने विष ओळखता येत नाही. आणि ‘चुन्याचा दगड घातला की पीएच आपोआप राखला जातो’ ही समजूतही सोडा. ८.१-८.३ पीएचच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जवळपास विरघळतच नाही. केएच राखायचा तर पाणी बदलून किंवा डोसिंग (मोजून क्षार घालणं) करूनच.

कोरड्या नव्या चुनखडकाने उलटा त्रास मात्र होऊ शकतो. ताज्या पृष्ठभागावर पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट बसायला लागतं, म्हणून कोरल नसतानाही केएच घटतो. मॅग्नेशियम मोजा. ते १२५० पीपीएमच्या (दर दशलक्षात इतके भाग) खाली असेल तर ही खर जास्त जमते. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणा, केएच ८ ला ठेवा आणि धीर धरा. दगडावर जिवाणूंचा आणि शेवाळाचा थर चढला की घट थांबते. घटला म्हणून रोज डबल डोस मारू नका, जितका घालाल तितका दगडावर बसेल.

सहावी तपासणी: बादली

घाई असेल त्याने बाकी काही करू नये, पण ही करावी. दोन आठवडे लागतात. दगड टाकीत घालण्याआधी केलीत तर पुढचं सगळं टळतं.

झाकणाच्या दोन स्वच्छ बादल्या घ्या, रंगाच्या किंवा फिनेलच्या नकोत. दोन्हींत आरओच्या पाण्यात कालवलेलं मीठ, घनता १.०२५. एकीत दगड आणि छोटा पावरहेड (पाणी फिरवणारा पंप), दुसरीत फक्त पावरहेड. झाकण लावा, उजेड नको. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी दोन्हींतला अमोनिया, फॉस्फेट आणि पीएच मोजून वहीत लिहा.

दुसरी बादली कशाला, असं विचारतात. मिठातून, पंपातून किंवा बादलीतूनच काही येत असेल तर ते त्या दुसऱ्या बादलीत दिसतं. ती नसेल तर सगळं दगडाच्या माथी.

आकडे असे वाचा. अमोनिया दोन-तीन दिवसांतच वर गेला तर दगडात कुजणारं काहीतरी आहे. फॉस्फेट पहिल्या दिवशी शून्य आणि मग पायरीपायरीने चढत गेलं, तर दगड भरलेला आहे. टाकीत टेस्ट शून्य आणि बादलीत अर्धा पीपीएम, यात विरोधाभास नाही. टाकीत दगडातून सुटणारं फॉस्फेट शेवाळ जागच्या जागी खातं, पाण्यात मोजायला उरतच नाही. बादलीत अंधार असल्याने खाणारं कुणी नसतं, म्हणून खरा आकडा दिसतो. चौदाव्या दिवशी ०.१ पीपीएमच्या आत असेल तर दगड बिनधास्त टाका.

पीएच चढला तर सिमेंटचा संशय घ्या. घरी ओतलेले किंवा दुकानातले काही ‘आर्टिफिशियल’ दगड सिमेंटचे असतात, आणि कच्च्या सिमेंटमधून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. त्याच्या संपृक्त द्रावणाचा पीएच बाराच्या वर असतो. असा दगड एक-दोन महिने साध्या पाण्यात ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. शेवटी आरओच्या पाण्यात २४ तास न हलवता ठेवल्यावर पीएच ८.५ च्या आत राहिला तर घ्या. सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं रसायन कालवलं असेल तर मात्र नकोच.

सातवी तपासणी: तांबं

माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना तांब्याचं औषध देतात. कॉपर सल्फेटच्या औषधात पाण्यातलं तांबं ०.१५ ते ०.२० पीपीएम ठेवतात. मासा ते सोसतो. कोळंबी, गोगलगाय आणि कोरल त्याहून कितीतरी कमी तांब्याने मरतात. चुनखडी दगड हे तांबं धरून ठेवतो आणि पुढे महिनोन्‌महिने थोडंथोडं सोडतो. म्हणून फक्त मासे जगणाऱ्या टाकीत मी आधी तांबं मोजतो.

साधा कॉपर टेस्ट किट आणा आणि बादलीतल्या पाण्यावर चौदाव्या दिवशी टेस्ट करा. रंगाची जराशी छटा दिसली तरी तो दगड कोरलच्या टाकीतून कायमचा बाद. धुऊन, ब्लीच करून, उन्हात टाकून तांबं जात नाही. फक्त माशांची टाकी करायची असेल तर तिथे वापरा. मधल्या काळात कार्बन आणि तांबं शोषणारं पॅड लावून जिवंत उरलेल्यांना दुसरीकडे हलवा.

दगड सुधारायचा की बदलायचा

फॉस्फेट भरलेला दगड सुधारतो, पण वेळ खातो. अंधाऱ्या बादलीत मिठाचं पाणी, हीटर, पावरहेड, सोबत पिशवीत जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोखंडी ऑक्साइडचे दाणे). दर पंधरवड्याला पाणी बदलायचं. दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त. दगड फार स्वस्तात घेतला असेल तर मीठ आणि जीएफओचा खर्च जोडून बघा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला व्हायला लागला की मी नवा दगड घ्या म्हणतो.

कुजकट दगडाला ब्लीच. सुगंध नसलेलं साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, उघड्यावर, हातमोजे घालून, दोन दिवस. मग दोन-तीन पाणी धुवा, क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घाला आणि वास पूर्ण जाईपर्यंत कडक उन्हात वाळवा. हे काम मुंबई-कोकणात होळी ते मे याच काळात उरकावं. पावसाळ्यात दगड आतून वाळतच नाही. ब्लीचच्या बादलीत व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड कधीही पडता कामा नये. क्लोरीन वायू सुटतो.

दोन गोष्टी करूच नका. बाथरूमच्या ॲसिडने दगड धुऊ नका. फ्लॅटच्या गॅलरीत त्या वाफांना जायला जागा नसते. आणि दगड उकळू नका, ओव्हनमध्येही घालू नका. आत अडकलेल्या वाफेने दगड फुटतो, हे एक. त्याहून वाईट म्हणजे जुन्या दगडावर झोआ-पॅली (बटणासारखं मऊ कोरल) असतील तर उकळल्यावर त्यांचं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर हवेत जातं. २०१८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हनटन गावात टाकीतलं कोरल साफ करण्यावरून एका कुटुंबाला रुग्णालयात जावं लागलं. तिथे तर दगड उकळलाही नव्हता. घासलेला दगड आणि कोंदट खोली पुरते. दगडावर बटणासारखे, झालरीचे जीव दिसत असतील, मेलेले का असेनात, तर कोरडा ब्रश मारू नका, जखमी हात पाण्यात घालू नका, चष्मा लावा.

बदलायचा ठरला तर स्वस्तात काय? माझी पहिली पसंती पोरबंदरी दगडाला. सौराष्ट्रातला हा चुनखडक सूक्ष्म सागरी कवचांचा बनलेला असतो. मुंबईतल्या कितीतरी जुन्या दगडी इमारतींत तो आहे. कापायला मऊ, पाणी पिणारा, रंगाने साईसारखा पिवळट. दगड कापणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळतात, पैसे टेम्पोच्या भाड्यातच जातात. चौकोनी ठोकळे टाकीत बरे दिसत नाहीत, म्हणून छिन्नीने कोपरे उडवून घ्या, आरपार दोन-चार भोकं पाडून घ्या, आणि भुकटी संपेपर्यंत धुवा. फार भुसभुशीत तुकडा मात्र सोडा. खाली वजनाला बेसाल्ट आणि वर पोरबंदरी, अशी रचना मी बहुतेकांना सांगतो. कंपनीचा तयार ड्राय रॉक सुरेख असतो, सुरक्षितही असतो, पण पहिल्याच टाकीला सगळा तोच घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. समोर दिसणारे दोन तुकडे त्यातले घ्या, मागे खाणीतला दगड कुणाला दिसतोय!

कोणताही दगड असो, तो काचेवर टेकवा, वाळूवर नाही. वाळू नंतर भरा. खाली उकरणारा गोबी मासा किंवा पिस्तूल कोळंबी वाळूवरचा ढीग एका रात्रीत खाली आणते.

चालू टाकीतला दगड बदलताना एका वेळी तिसरा हिस्साच काढा आणि पुढच्या हिश्श्याआधी तीन-चार आठवडे जाऊ द्या. टाकीतले बहुतेक जिवाणू दगडावरच राहतात. सगळा दगड एकदम काढला तर टाकी पुन्हा पहिल्यापासून सायकल होते (नवे जिवाणू वाढेपर्यंत अमोनिया चढतो), आणि खाऱ्या पाण्याच्या चढ्या पीएचला अमोनिया जास्त जहाल असतो. तांबं निघालं तर हा नियम नाही. मग सगळा एकदम काढा, आणि मासे दुसऱ्या टाकीत हलवून.

इथे थांबा

दगड हाताळल्यावर तोंडाला धातूसारखी कडवट चव, ताप, धाप, हातपाय बधिर होणं, डोळ्यांची आग, यातलं काहीही झालं तर खोलीबाहेर पडा, घरातल्यांना बाहेर काढा आणि थेट रुग्णालयात जा. ‘मत्स्यालयातल्या कोरलचं विष, पॅलिटॉक्सिन’ असं स्पष्ट सांगा. डॉक्टरांच्या डोक्यात हे आपणहून येणं कठीण आहे.

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झिणझिणी बसली तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. दगडाखाली दबलेली पावरहेडची वायर हे नेहमीचं कारण. ती बदलेपर्यंत पाण्यात हात नाही.

काचेच्या तळाला दगडाच्या टोकापाशी रेघ दिसली तर सिलिकॉन भरून बघू नका. पाणी उपसा आणि टाकी बनवणाऱ्याला बोलवा.

तीनशे लिटरची टाकी, दगड, वाळू, संप आणि स्टँड मिळून पाव टनाच्या बरंच पुढे जातं. जुन्या इमारतीत, आणि गॅलरीत तर कुठल्याही इमारतीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय बसवू नका. वाटेल तेवढा दगड वाढवायची मुभा घरमालकाच्या तोंडी होकारातून मिळत नाही.

आणि पहिल्या सहा तपासण्या होऊनही कोळंबी मरतच असेल, तांब्याची टेस्टही कोरी येत असेल, तर घरच्या किटची मजल तिथे संपली. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतल्या आयसीपी चाचणीला पाठवा. शिसं, जस्त, अॅल्युमिनियम वगैरे धातूंचे आकडे तिथेच कळतात. अहवाल येईपर्यंत नवा जीव आणू नका, आणि नवा दगडही नाही.